बारशाचे राहिलेले धपाटे

गावात मला लोक न थकणारा आबा म्हणतात. ते खोटं आहे आणि ते मीच पसरवलं. एकोणऐंशी झाली, आता खरं सांगून टाकतो.

आमच्या गावात स्मशानशेड एकच, तिच्या फाटकाला कुलूप आणि किल्ली माझ्या भावकीकडे. वस्तीतलं कुणी गेलं की त्यांनी ओढ्याकाठी, भर पावसात, प्लास्टिकचा कागद धरून सरण रचायचं. शेड सगळ्यांना उघडा, एवढीच मागणी घेऊन आम्ही कोरेगावात तहसील कचेरीसमोर मंडप टाकला. भावकीनं मला लग्नपत्रिका देणं बंद केलं. मोबाईलवर रोज शिव्या यायच्या, त्याही बहुतेक पुतण्यांच्या.

वस्तीत शिकवण्या घेणाऱ्या एक बाई आमच्यात सगळ्यांत शहाण्या. त्यांनी वेळापत्रक लावलं. प्रत्येकानं आठवड्यात एकच दिवस बसायचं आणि गुरुवारी सगळ्यांनी त्यांच्या अंगणात जेवून तिथंच आडवं व्हायचं.

"हे वर्षानुवर्षं चालणार आहे, आबा," त्या म्हणाल्या. "दमलेला माणूस आधी चिडतो, मग घरी बसतो."

मी फौजेतला हवालदार. मला ते पटेना. "विश्रांती स्मशानात हायच की! त्याच्यासाठीच तर भांडतोय," असं म्हणून मी सातही दिवस बसायचं जाहीर केलं.

तिसऱ्याच दिवशी कंबर गेली. मग युक्ती काढली. छत्री, टोपी आणि पिशवी सतरंजीवर मांडायची, म्हणजे आबा आत्ताच उठून गेलेत असं वाटतं. आपण जाऊन एसटीत बसायचं. माझ्या वयाला तिकीट नाही. साताऱ्यापर्यंत झोपायचं, येतानाही झोपायचं.

बाईंच्या भावाला आष्ट्यात मुलगा झाला. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव त्यांनीच सांगायचं होतं. त्यांनी माझ्या सोबतीला बसायचा आपला दिवस सोडला, तर मी सगळ्यांदेखत टोमणा मारला, "जावा की. चळवळ काय, बारसं झाल्यावर बी चालती."

त्या खाली मान घालून गेल्या. आणि त्याच दिवशी मी पेंगत पेंगत भलत्याच गाडीत चढलो.

"आवं आबा, उठा! सांगली आली." कंडक्टर गदागदा हलवत होता.

इकडे तहसीलदार साहेब नेमके मंडपात आले. तिथं फक्त माझी छत्री आणि पिशवीत वाजणारा माझा फोन. "चारला येतो, कागद तयार ठेवा," म्हणाले. कागद बाईंकडे. आमच्यात बसणाऱ्या एका मेंढपाळ दोस्तानं त्यांना फोन लावला, तेव्हा त्या कराडच्या स्टँडवर होत्या. तिथूनच उलट्या फिरल्या. परतीच्या एसटीत त्यांनी भावाला फोन बाळाच्या कानाला लावायला सांगितला आणि ओरडल्या, "कुर्र!" रेंज गेली. पुन्हा, "कुर्र!" तिसऱ्यांदा शेजारची म्हातारी सीटखाली कोंबडी शोधायला लागली.

मी सगळ्यांना सांगितलं, उन्हानं चक्कर आली, लोकांनी दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी बाई मोसंबी घेऊन आल्या. "तुम्ही आमच्यासाठी जीव काढताय आबा, आणि मी बारशाला निघाले होते."

मी मोसंबी खाल्ली. सगळी.

त्यानंतर बाईंनी एक दिवसही सुट्टी घेतली नाही. गुरुवार बंद पडले. पाहणीची पत्रं निघाली, कुलूप तसंच राहिलं. बाई वाळल्या, चिडचिड्या झाल्या, माणसं एकेक करून गळाली. गेल्या महिन्यात त्या म्हणाल्या, "मी थांबते आता. तुमच्याएवढी ताकद नाही माझ्यात."

आता माझ्या पोटात काही राहीना. वस्तीतल्या बायकांदेखत एसटी, छत्री, सांगली, सगळं ओकलो.

बाईंनी पदर कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "आबा, पाठ करा इकडं."

"का?"

"नाव सांगताना आत्याच्या पाठीत बायका धपाटे घालतात. माझे तीन वर्षं राहिलेत. तुम्ही घ्या."

पहिला त्यांनीच घातला. मागं बायकांची रांग लागली. शेवटी मेंढपाळ दोस्त पुढं आला. "बाई, मी बाईमाणूस न्हाई, पर एक घालू का?"

"दोन घाला."

बाई खो खो हसत होत्या. तीन वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "गुरुवारी जेवायला या. मंडपात कुणी बसायचं नाही. आणि जेवल्यावर झोपायचं, सगळ्यांसमोर."

गेलो. पोटभर जेवलो आणि सगळ्यांसमोर झोपलो. पालथा.