मेथीचे दाणे आणि चांदीचा मलम

माझे मामा नत्थुजी यांचा जगात कोणावरही विश्वास नाही. हे मी रागाने म्हणत नाही. थोडा राग आहे, पण तो वेगळा. हिवरखेडला त्यांचा दीड एकराचा मळा आहे. त्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि दिवाळीच्या सुमारास शेवंती. बियाण्याचं पाकीट घेतलं की ते आधी कानाशी धरून हलवतात, मग वास घेतात आणि मग दुकानदाराच्या तोंडाकडे पाहतात. पाकिटावरच्या तारखेपेक्षा दुकानदार नजर चुकवतो का, याला त्यांच्या लेखी जास्त किंमत. माझ्या लग्नात त्यांनी आचाऱ्याला मांडवाच्या मधोमध उभं करून बासुंदीच्या दुधाची उलटतपासणी घेतली होती, तीही मुलीकडच्यांच्या देखत. माझा राग तो.

मी अमरावतीला राजापेठेत राहतो आणि बारावीच्या मुलांची जीवशास्त्राची शिकवणी घेतो. त्यामुळे आमच्या गोतावळ्यात कोणाचं पोट दुखलं तरी फोन मला येतो. मी डॉक्टर नाही, हे सांगून सांगून थकलो. मागच्या हिवाळ्यात मामांचा फोन आला तोही असाच.

"श्याम, तुह्या मामीचा पाय सुजला. चपलेतून बाभयीचा काटा गेला म्हन्ते. दोन दिवस झाले, तिले मालूमच नाई."

पार्वताबाई मामींना दहा-बारा वर्षांपासून शुगर आहे. त्या आजारात तळपायाची जाणीव हळूहळू जाते. काटा टोचला हे मेंदूला कळतच नाही, आणि माणूस त्याच पायाने वांगी तोडत फिरतो. मी त्या दोघांना अमरावतीला बोलावून घेतलं आणि एका दवाखान्यात नेलं. तिथल्या करिश्मा नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याखालचा सडलेला भाग काढला. बोटं इतकी सुजली होती की मामींचं एक जोडवं कापून काढावं लागलं. खाली लिंबाच्या फोडीएवढी जखम उरली.

"हाडाला लागण झाली तर अंगठा काढावा लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून जखम लवकर भरायला हवी." मग त्यांनी एक ट्यूब दिली. त्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेला मलम होता. नॅनो चांदी. एक दिवसाआड, अगदी पातळ थर, आणि चौदाव्या दिवशी दाखवायला यायचं, असं त्यांनी सांगितलं.

नॅनो म्हटल्याबरोबर मामांची मान वर झाली. कृषी केंद्रात युरियाच्या पोत्याऐवजी नॅनो युरियाची बाटली दाखवणाऱ्या माणसाशी ते या एका शब्दावरून तासभर भांडून आलेले. दवाखान्याबाहेर येताच त्यांनी मला धरलं.

"मले सांग, चांदी तं तुह्या मामीच्या पायात चाळीस वर्सं हाय. जोडवे चांदीचेच व्हते ना? त्या चांदीनं काई केलं नाई, अन् बारीक केली का तिचं औषध कसं होते?"

प्रश्न फार चांगला होता. माझ्या शिकवणीतल्या एकाही पोराने तो आजवर विचारला नव्हता. त्याचं नीट उत्तर द्यायला हवं होतं. खडीसाखरेचा खडा आणि पिठीसाखर, साखर एकच, पण पाण्यात टाकली की दोघींचं वागणं सारखं नसतं. चांदी इतकी बारीक झाली की तिचा अंश झपाट्याने सुटतो, पेशीच्या आतही शिरतो, आणि मग ती जोडव्यातली गरीब चांदी राहत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. पण चार वाजताची बॅच होती, डोकं दुखत होतं, आणि मी म्हणालो, "मामा, आपन लेकराले चांदीच्या वाटीत खाऊ घालतो. चांदीनं काय होते? बिनधास्त लावा."

बिनधास्त हा शब्द मी वापरला होता. पुढच्या हिशेबात तो माझ्या नावावर आहे.

हिवरखेडला गेल्यावर पट्टी करायचं काम मामांनी स्वतःकडे घेतलं. गावातल्या कंपाउंडरवर त्यांचा भरोसा नव्हता. "एकाच कैचीनं साऱ्या गावाच्या पट्ट्या कापते तो." अकोल्याला दिलेली त्यांची मुलगी सीमा यायला तयार होती, तर ती घाईगर्दीची म्हणून तिलाही नको म्हणाले. मामी सांगतात, ते पाणी उकळून निवू द्यायचे, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, पाटावर बसायचे आणि मामींचा पाय आपल्या मांडीवर घ्यायचे. चाळीस वर्षांत या माणसाने बायकोला पाण्याचा तांब्या भरून दिला नव्हता.

पहिले बारा दिवस फोनवर फोन. वास गेला, पू गेला, जखम लाल झाली. मग फोन कमी झाले. चौदावा दिवस आला आणि गेला. मी विचारलं तर म्हणाले, "तिथं बोलावतात ते कापाले. आपल्या देवमनचं काय झालं? आधी बोट म्हने, मंग घोटा." देवमन त्यांचा शेजारी. त्याचा पाय खरोखर गेला होता, पण तो दवाखान्यात सहा महिने उशिरा पोचला म्हणून गेला. हा तपशील मामांच्या हकिगतीत कधीच येत नसे.

मधेमधे निरोप यायचा, मलम संपला, पाठव. मी अकोटच्या एसटीत ओळखीच्या ड्रायव्हरजवळ ट्यूब द्यायचो. पाच आठवड्यांत सहा ट्यूबा पाठवल्या. एक ट्यूब महिनाभर पुरायला हवी, हे मी एकदाही मनात आणलं नाही. दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या मामांची मी टर उडवत होतो, आणि स्वतः साधा प्रश्नही विचारत नव्हतो.

पाचव्या आठवड्यात मामांचा आवाज वेगळा होता.

"श्याम, जखम भरून नाई राहिली."

"साफ आहे ना पन?"

"साफ तं मसनबी असते."

ते पुढे म्हणाले की मलमातच काहीतरी घोळ आहे. एकतर भेसळ आहे, नाहीतर डॉक्टरीणबाई नवं औषध गरिबाच्या पायावर करून पाहत आहे. "तिचा अंगठा गेला तं मी कोनाले धरू? तुलेच धरीन." हे त्यांनी गमतीने म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी आपल्या पद्धतीने तपास केला. भाजीवाले लोक नवं बी पेरण्याआधी त्याची उगवण पाहतात. ओल्या फडक्यात शंभर दाणे मोजून ओळीने मांडायचे, गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची आणि तीन-चार दिवसांनी उघडून किती उगवले ते मोजायचे. मामांनी मेथीची दोन फडकी केली. एक नुसत्या पाण्याचं. दुसऱ्यावर त्यांनी चांदीचा मलम फासला आणि वर दाणे मांडले. चौथ्या दिवशी पाण्याच्या फडक्यात त्र्याण्णव दाण्यांना पांढरेशुभ्र कोंब होते. मलमाच्या फडक्यात दाणे फुगले होते, काहींची मुळं नखाएवढी निघून टोकाला काळी पडली होती, आणि बाकी तसेच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने ते मामींना घेऊन आले. फडकी केळीच्या पानात गुंडाळून पिशवीत होती. "चाल," एवढंच म्हणाले. वाटेत मी दोनदा म्हटलं की डॉक्टरशी नीट बोला. खरं सांगायचं तर तोवर त्यांचा संशय मलाही लागला होता. फडकं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

करिश्मा डॉक्टरांनी आधी पाय पाहिला आणि एक्स-रे काढायला लावला. हाड शाबूत होतं. पण जखमेच्या कडा फिकट पडल्या होत्या, तळ राखाडी होता. कडेकडून नवी कातडी आत सरकायला हवी होती, ती जागची हललीच नव्हती. तेव्हा मामांनी दोन्ही फडकी टेबलावर उलगडली.

"हे पाहा बाई. हे पान्याचं, हे तुमच्या मलमाचं. हे औषध हाय का जहर, ते सांगा. माह्यासमोर सांगा."

बाहेरच्या बाकावरचे दोन-तीन पेशंट आत डोकावायला लागले. मला वाटलं, आता या बाई शिपायाला बोलावणार. त्यांनी मात्र चष्मा वर करून एकेक कोंब पाहिला.

"मेथी म्हणजे माणसाची कातडी नाही, काका. यावरून मी काही ठरवणार नाही," त्या म्हणाल्या. "पण या फडक्यावर मलम किती लावला?"

"जखमेवर लावतो तितकाच. बेइमानी नाई केली."

"दाखवा बरं."

मामांनी पिशवीतून ट्यूब काढली आणि तर्जनीवर मलम पिळला. दोन पेरं भरली तरी पिळतच होते. डॉक्टर त्या बोटाकडे पाहत राहिल्या.

"आणि दिवसातून किती वेळा?"

"तीनदा. सकायी, दुपारी, सांजच्याले. एक डावबी चुकला नाई."

"मी एक दिवसाआड म्हटलं होतं. पातळ थर."

"म्हनलं व्हतं तुमी. पन दुकानातल्या औषधात दम कुठी रायते? डब्यावर लिहिल्यावानी मारलं तं मिरचीवरचे किडे हासतेत. मी कोनतंबी औषध जास्तीच घेतो. अर्धी भेसळ धरूनच चालावं लागते."

मामी स्टूलवर बसून जमिनीकडे पाहत होत्या. मी पाठवलेल्या सहा ट्यूबा माझ्या डोळ्यांसमोर आल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्या मोर्शीकडच्या, वडिलांची संत्र्याची बाग. "माझे बाबाही असंच करतात," त्या म्हणाल्या. मग त्यांनी शांतपणे समजावलं. ही बारीक चांदी जंतू मारते. पण जंतू कोणता आणि आपली पेशी कोणती, हे तिला ओळखू येत नाही. बेताची असली तर जंतू मरतात आणि पेशी तग धरतात. जास्त झाली की जखम भरायला निघालेल्या कोवळ्या पेशीही मरायला लागतात. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर हे पाहिलेलं आहे. म्हणूनच जखम साफ झाली की हा मलम थांबवतात. "तो चौदाव्या दिवशी थांबवणार होते मी. कागदावर तसं लिहून द्यायला हवं होतं, ते दिलं नाही. ती चूक माझी."

मामांना पेशी समजल्या की नाही कोण जाणे, पण मुद्दा माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या आधी समजला.

"म्हंजे तननाशकानं तनासंगं पीकबी जयलं."

"हो काका."

"अन् औषध... भेसळ नव्हतं?"

"नाही. खरं होतं."

मामांनी बोटावरचा मलम पुसायला काही शोधलं. मी रुमाल दिला. ते बोट पुसत राहिले, मलम केव्हाचा निघून गेला तरी पुसत राहिले. सगळं आयुष्य खोटं औषध धरून चाललेल्या माणसाच्या हातात एकदाच खरं औषध आलं, आणि तेही बायकोच्या जखमेसाठी. मला त्यांची इतकी दया यापूर्वी कधी आली नव्हती.

जखम भरली, हे इथेच सांगून टाकतो. सात आठवडे लागले. अंगठा जागेवर आहे. मलम बंद झाला, सलाइनच्या पाण्याने धुवायचं, ओलसर जाळीची पट्टी करायची आणि पायावर भार द्यायचा नाही, एवढाच उपाय होता. पण त्या दिवशी हे कोणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की पंधरा दिवसांत कड सरकली नाही तर अंगठ्याचा विचार करावा लागेल.

ते पंधरा दिवस मामा-मामी माझ्याकडेच राहिले. सीमा अकोल्याहून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पट्टीचं सामान मांडलं, हात धुतले. मामा गॅलरीत रस्त्याकडे तोंड करून उभे होते. कालपासून ते जेवले नव्हते आणि कोणाशी बोललेही नव्हते.

सीमाने पाय हातात घ्यायला वाकताच मामींनी पाय मागे घेतला.

"तू राहू दे. ह्याईले बोलाव."

"आई, बाबा नाई म्हनते. मी करतो ना."

"बोलाव म्हनलं ना."

मामा दारात आले. आत येईनात. "माह्या हातानंच वाटोळं झालं ना तुह्या पायाचं," ते म्हणाले. "मी नाई लावत आता हात. सीमा करीन."

"सीमाचा हात मले मालूम नाई," मामी म्हणाल्या. "श्यामचा नाई, त्या डॉक्टरीनबाईचाबी नाई. मले तुमच्याच हाताचा भरोसा हाय. या, बसा."

मामा आत आले. मग त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, खाली बसले आणि मामींचा पाय मांडीवर घेतला. जाळीची घडी हातात धरली, तिच्याकडे पाहिलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"श्याम, बाईनं कसं कसं सांगतलं ते आखरीपर्यंत सांग," ते म्हणाले. "मी तसंच करतो."

मी सांगितलं. त्यांनी तसंच केलं.