चुलीवर जपलेली हार्डडिस्क

महाडच्या घरात मी जुन्या संगणकाचा म्युझिक सर्व्हर केला होता. गाणी सगळी बाहेरून जोडायच्या हार्डडिस्कवर, स्पीकर माजघरात. बायको म्हणायची, "त्यापेक्षा रेडिओ लावला असता, तर एवढ्या वायरी पायात आल्या नसत्या." पण त्याच डिस्कवर आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. मूळ कॅसेट सावित्रीच्या पुरात गेल्या आणि पुढे घशाच्या ऑपरेशनात आईचा आवाजही गेला. आता ती गायची ती फक्त त्या डबीत.

पुन्हा पूर आला तर काय, या धास्तीनं मी पावसाळ्याआधी डिस्क कुडपणला आईबाबांकडे नेऊन ठेवली. तिथं डोंगरावर पाणी कुठून शिरणार? "फक्त ओल लागू देऊ नकोस," एवढं आईला बजावलं. तिनं मान डोलावली.

पुढे माझ्या मुलीचं लग्न ठरलं. हळदीचा घाणा भरताना, जात्यावर हळद दळताना, आजीच्याच ओव्या लागल्या पाहिजेत, असा तिचा हट्ट. लग्नासाठी आईबाबा खाली आले तेव्हा आईनं पिशवीतून डिस्क काढून माझ्या हातात दिली. भोवतीचं फडकं काळंकुट्ट, धुराचा वास.

"चुलीवरच्या फळीवर ठेवलेली, भोपळ्याच्या बियांच्या शेजारी," बाबा म्हणाले. "तितं ओल येत नाय. रोज हात लावून बघायची ती."

आई कौतुकाच्या अपेक्षेनं माझ्याकडे बघत होती. आमच्याकडे बियाणं असंच जपतात. मी तिला फक्त ओलीचं बजावलं होतं, धगीचं नाही.

डिस्क जोडली. दिवा लागला, पण सर्व्हरला काही दिसेना. वायर बदलली, दुसऱ्या खाचेत घातली, संगणक बंद करून चालू केला. शेवटी बाजारातल्या ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. त्याच्या पडद्यावर प्रश्न आला, फॉरमॅट करायची का? मी त्याचा हातच धरला. त्यानं डिस्क कानाला लावली, मग माझ्या. आत टकटक चालली होती. आवाज येत होता, पण नको तो. "मुंबईला पाठवून बघू," तो म्हणाला. "पण हळदीआधी नाही, आणि खात्री कसलीच नाही." मला रडू येईलसं झालं. चिडायचं तरी कोणावर?

आईला सांगितलं, मशीन जरा बिघडलंय, होईल नीट.

घाण्याच्या वेळी बायका जात्याभोवती बसल्या. आईनं खुंट्याला हात लावला आणि तिचे ओठ हलायला लागले. ओठांकडे बघत बायकांनी पहिली ओवी कशीबशी उचलली. पुढची कुणालाच येत नव्हती. जात्याची घरघर तेवढी राहिली. आईनं हात थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि स्पीकरकडे बोट दाखवलं. लाव ना. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी उगाच वायर काढून पुन्हा खोचली.

लग्न पार पडलं. परत निघताना आई टेबलापाशी गेली. डिस्कवर तळहात फिरवला, उलटी करून पुन्हा चाचपली आणि माझ्याकडे बघून, चूक तिचीच असावी तशी, मान हलवली. ओल राहिली म्हणून बिघडली, असं तिनं ठरवून टाकलं होतं. त्याच काळ्या फडक्यात तिनं ती नीट गुंडाळली आणि पिशवीत घातली, पुन्हा चुलीवर ठेवायला.

मुंबईला पाठवायची राहिलीच होती, तरी मी तिला अडवलं नाही.