सुप्याच्या पाण्यावरचा तम्मा

फोन आला तवा मी होडीत बसून मासळी साफ करत व्हतो, आणि खरं सांगतो, मी हसलो. ओंकारच्या दोस्ताचा फोन. म्हणाला, खानापूरच्या पुढं ट्रकानं मोटारसायकल उडवली, ओंकार गेला. मी म्हणलो, "गेला तर गेला, त्येला सांग मासळी थंड व्हायच्या आत परत ये." आमच्यात असलीच चेष्टा चालायची. मीच कितींदा डोळं पांढरं करून आडवा पडायचो, आणि तो "अज्जा, चहा झालाय" म्हणला की उठून बसायचो. फोनवरचं पोरगं रडाय लागलं तवा कुठं माज्या डोस्क्यात उजेड पडला... सत्तावीस वर्सांचा पोरगा. मी साठीच्या पुढचा. पाळी कुणाची, आणि गेलं कोण.

मला अक्षराची वळख न्हाई. मी बोलतोय, सून लिवून घेतीया. मधनंच ती डोळं पुसती, तवा मी चुलीत लाकूड सारतोय.

ओंकार बेळगावचा. बेंगळूरची नोकरी सोडली, परवानगी काढली, आणि सुप्याच्या धरणाच्या पाण्यात शिडाची होडी आणून तिच्यातच ऱ्हाय लागला. सैपाकाला माणूस पायजे म्हणून कुणीतरी मला धाडलं. "पवता येतंय?" त्येनं इचारलं. "माशागत," म्हणलो. पहिल्याच दिशी चहाची किटली धरून मी पाण्यात गेलो. त्येनं केसाला धरून वर वढलं. किटली मी सोडली न्हवती. "अज्जा, मासा किटली घिऊन पवतोय व्हय?" मी म्हणलो, "अज्जा म्हणू नगं, अजून दात हाईत मला." "किती?" म्हणाला. तवापासनं तो मला अज्जा आणि मी त्येला तम्मा, कानडीत धाकला भाऊ. बायको गेल्यापासनं मी एकटाच बडबडायचो, लोक उठून जायचे. होडीतनं उठून जाणार कुठं? पण त्येला जायचंच न्हवतं. माझी तीच ती गोष्ट तो परत सांगाय लावायचा.

त्या पाण्याखाली माझं गाव हाय. धरण झालं तवा मी मिसरूड फुटलेला पोरगा व्हतो, आमास्नी उठवून रामनगरला आणलं. एका जाग्यावर होडी आली की मी चप्पल काढून हात जोडायचो, खाली गावदेवीचं देऊळ म्हणून. तम्मा बी चप्पल काढायचा, जास्वंदीचं फूल सोडायचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं, चौथरा उघडा पडला, आणि आमच्या गावचा एक म्हातारा काठावरनं वरडला, "आरं येड्या, ते दारूचं दुकान की रं! देऊळ तिकडं, नाल्यापलीकडं!" सगळा हंगाम मी दारूच्या दुकानाला हात जोडलो. तम्मा हसून हसून आडवा झाला. म्हणलं, आता हे पोरगं मला सोडत न्हाई. पण दुसऱ्या दिशी तितनं जाताना त्येनंच आधी चप्पल काढली. "आता काय रं?" "असू दे, अज्जा. इतकी फुलं खाल्ल्यावर ते दुकान बी सुधारलं असंल."

चेष्टेत तो एकच गोष्ट आणायचा न्हाई... वडील. बेळगावात त्यांचं कापडाचं दुकान. पोरानं नोकरी सोडली म्हणून बोलणं टाकलेलं. फोन आला त्या दिशी सकाळी तम्मा इस्त्रीचा शर्ट घालून उभा. हातात काठावरनं आणलेला मोठा कटला. "अज्जा, बाबांना घिऊन येतो. ही मासळी चांगली कर." बाबांना म्हाईत बी न्हवतं तो येतोय म्हणून.

काही आठवड्यांनी ते आले. होडी विकायची म्हणून बघाय आले. गुडघे जवळ घिऊन बसले, चहाला हात लावला न्हाई. मी म्हणलो, "सावकार, तो तुमास्नीच आणाय निघालाता." त्यांनी माज्याकडं बघितलं. "मागं ऱ्हायलेल्याला बरं वाटावं म्हणून लोक असं बोलतात ओ." जन्मभर बाता मारलो, आणि एक खरं तोंडात आलं तर त्येला बी बातांचाच वास.

मग त्यांनी बसायची फळी उचलली, खाली काय काय हाय बघाय. आत शीड व्हतं. कड आत दाबून, हाताच्या मापानं, दुकानातल्या ताग्यागत घातलेली घडी. "ही घडी कुणी घातली?"

"त्येनंच. मला शिवू देत न्हवता. म्हणायचा, अज्जा, कापड हाय, चटई न्हवं."

"मी शिकवलोय हे त्याला," ते म्हणाले. "सुट्टीत दुकानात बसवायचो. तोंड वाकडं करायचा..." एक पदर उलगडला, तळहातानं सारखा केला, परत तसाच घातला. मग माज्याकडं न बघता इचारलं, "मासळी कुठली केलती?"

"कटला."

"व्हय," म्हणाले. "मला आवडतो."

होडी त्यांनी विकली न्हाई. बघाय कोण तरी पायजे म्हणून मी हितंच ऱ्हातोय. लहान होडीत एक उठला की दुसऱ्यानं पलीकडं सरकायचं असतंय, न्हाईतर होडी कलती. आमाला बोलाय लागायचं न्हाई. तो उठला की मी सरकायचो, मी उठलो की तो, झोपेत बी. आता सकाळी चूल पेटवाय उठतो. होडी कलती, भांडी घसरत्यात, मी तसाच वाकडा उभा ऱ्हातो... समोरनं कोण सरकत न्हाई.