सरकी पेरलेला शेवट

कादंबरीची शेवटची साठ पानं भटूने वाचलीच नव्हती, तरी शेवट त्याने ठोकून दिला. इंग्रजी पुस्तक, पानागणिक डिक्शनरी, कॉलेज लायब्ररीची मुदत संपलेली. आणि समोर झुंबरशेठ, कान टवकारून.

झुंबरलालचं अमळनेरला सरकी-पेंडीचं दुकान. शिक्षण चौथीपर्यंत, पण गोष्टीची भूक अशी की, ‘थांब भाऊ, यान अजून उतरायचंय,’ म्हणून गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणार. रोज संध्याकाळी भटूने एक प्रकरण सांगायचं. सूर्य न मावळणाऱ्या ग्रहावर माणूस जातो; झोप नाही, म्हणून हळूहळू बायकोचं नावही विसरतो. शेठ हळहळायचे. शेवटी भटूने त्या माणसाला तिथे सरकी पेरायला लावली. बोंडं नारळाएवढी! शेठ खूश. भटू तर स्वतःवरच खूश.

अडुसष्ट साली वाचनालयाने ‘मला आवडलेलं पुस्तक’ हा कार्यक्रम ठेवला आणि शेठनी नाव दिलं. जन्मात पहिल्यांदा स्टेज. नवी टोपी. पण गोष्ट अशी सांगितली की सभा चिडीचूप. नाव विसरण्यापाशी तर बायकांच्या रांगेत शेठाणी प्रेमकुंवरबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग बोंडं आली.

"शेठ, बी कोनी दिनं हो?" मागून अभिमन पाटील ओरडला. सभा खो खो हसली. धुळ्याहून आलेले प्रोफेसर म्हणाले, "पुस्तक वाचलंय ना तुम्ही? त्यात सरकी कुठे आहे? तो परत येत नाही, रिकामं यान तेवढं पाठवतो."

शेठची नजर फिरत तिसऱ्या रांगेत भटूवर आली. भटू वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागला. तो नीटच होता.

"वाचलं नाही साहेब, ऐकलंय," शेठ म्हणाले. "सांगणाऱ्याने बरोबरच सांगितलं असणार. दिवसभर सरकीत बसतो, डोक्यात तीच भरलीय. गल्लत माझीच."

भटूने पुस्तक पुन्हा आणलं, साठ पानं तीन दिवसांत संपवली, आणि दुकानाची गल्ली टाळू लागला. तरी एकदा बाजारात शेठनी गाठलंच. तक्रार नाही, काही नाही.

"भटूभाऊ, त्या रिकाम्या यानात बायकोसाठी चिठ्ठी-बिठ्ठी होती का हो? आमच्या घरात रोज विचारणं चाललंय."

होती. पण ते सांगायचं तर, ‘तेव्हा मी वाचलंच नव्हतं,’ हे आधी सांगावं लागणार.

"सांगतो शेठजी. आत्ता जरा घाई आहे."

त्यानंतर पोळा गेला, दिवाळी गेली. चिठ्ठी सहाच ओळींची आहे. भटूला ती पाठ आहे.