डोळे उघडे ठेवा, पप्पा प्रार्थना करताहेत

आमच्या घरात प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटणं हा शुद्ध उद्धटपणा समजला जातो.

कारण सोपं आहे. मी बहिरा आहे. लहानपणी तापात कान गेले, तेव्हापासून मी हातांनी बोलतो आणि प्रार्थनाही हातांनीच करतो. समोरच्याने डोळे मिटले तर ती पोचणार कुणापर्यंत? (देवापर्यंत पोचते. त्याने डोळे मिटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. माझ्या तसं काहीच ऐकिवात नाही, ते सोडा!) त्यामुळे सात वर्षांची रिबू आणि चार वर्षांचा शमू जेवणाआधी डोळे वटारून प्रार्थनेला बसतात. चर्चमध्येही तेच. सगळी मंडळी डोळे मिटून बसली की आमची ही दोन माणसं टकामका बघत असतात, आणि कोण जांभई देत होतं, कोण मोबाइल बघत होतं याची बित्तंबातमी घरी येते.

माझ्या बायकोला, शीलाला, ऐकू येतं. माझ्यासाठी ती खुणांची भाषा शिकली आणि आता भांडतेही त्याच भाषेत. (खुणांमध्ये अहो-जाहो नसतं, याचा ती पुरेपूर फायदा घेते.) उपदेश चालू असताना आम्ही दोघं बाकावर बसल्या बसल्या बिनधास्त गप्पा मारतो. आमची गुप्त भाषा! मुलांनाही ती येते, एवढी बारीकशी गोष्ट मी विसरलो होतो.

मला एक हौस होती. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या प्रार्थनेला आमेन म्हणत आलो, तेही शीलाने कोपराने ढोसल्यावर. एकदा तरी मंडळीपुढे मी प्रार्थना करावी आणि बाकीच्यांनी आमेन म्हणावं, असं फार मनापासून वाटायचं. आमच्या मराठी उपासनेला जालन्याहून नवे पाळकसाहेब आले, तेव्हा मी शीलाला पुढे केलं.

"इच्छा चांगली आहे हो," पाळकसाहेब तिला म्हणाले, "पण मंडळी डोळे मिटणार. यांचे हात बघणार कोण?"

"मी बघेन ना! हे हातांनी बोलतील, मी तोंडाने सांगेन."

"जमेल?"

"शनिवारी जेवायला या. समोरच बघा."

शनिवारी बरकतपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत बगारा खान्याचा, म्हणजे खड्या मसाल्याच्या फोडणीच्या भाताचा, घमघमाट सुटला. सोबत चिकनचा रस्सा आणि दह्याची चटणी. पाळकसाहेब आणि पाळकबाई ताटांवर बसले, मी बाह्या सावरल्या, शीलाने घसा साफ केला, आणि नेमकं तेव्हाच शमूने चटणीचं भांडं टोपीसारखं डोक्यावर घातलं. भांडं भरलेलं होतं.

शीला त्याला उचलून बाथरूमकडे पळाली. इकडे चिकन वाफाळत होतं. रिबूने हात वर केला.

"आंटी, मी सांगते ना! मला पप्पांचं सगळं समजतं."

"सांग बेटा," पाळकसाहेब हसून म्हणाले, आणि सवयीने दोघांनीही डोळे मिटले.

पुढचं मला नंतर शीलाकडून कळलं. ती बाथरूममधून शब्दन् शब्द ऐकत होती, पण तिच्या हातात साबण लावलेला शमू होता, आणि तो सुटला असता तर प्रकरण आणखी वाढलं असतं.

मी सुरुवात भारदस्त केली: हे स्वर्गीय पित्या, आमच्या पाळकसाहेबांना आशीर्वाद दे. आता, खुणांच्या भाषेत दर वेळी नावाची अक्षरं जुळवत कोण बसतो? माणसाची एखादी ठळक गोष्ट धरायची, तेच त्याचं नाव. पाळकसाहेबांचं नाव मी असं ठेवलं होतं: तळहात डाव्या कानापाशी ठेवायचा आणि टकलावरून सपाट फिरवत उजव्या कानापर्यंत न्यायचा. (त्यांचे केसही रोज सकाळी हाच प्रवास करतात.)

रिबूने प्रामाणिकपणे सांगितलं, "देवबापा, ह्या कानावरचे केस त्या कानावर नेणाऱ्या अंकलना आशीर्वाद दे."

पाळकबाईंचे खांदे हलले. मला वाटलं, अंतःकरण हेलावलं! मला हुरूप आला. यांच्या उपदेशाने मंडळीचे आत्मे तृप्त होवोत, असं मी मागितलं.

"अंकलचा उपदेश लई लांबतो, असं पप्पा मम्मीला चर्चमध्ये सांगतात. तो छोटा कर."

पाळकबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पाळकसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ओठ घट्ट मिटले होते. माझ्या प्रार्थनेने माणसं रडताहेत! मग मला कोण आवरणार? मी आजारी माणसांसाठी मागितलं, प्रवाशांसाठी, विधवांसाठी, परीक्षेला बसलेल्यांसाठी, कुकटपल्लीहून रोज बसने लटकत येणाऱ्यांसाठी मागितलं. शेवटी मला स्वतःलाच भरून आलं आणि मी डोळे छताकडे लावले.

रिबूने सगळ्यांना एका दमात उरकलं, "सगळ्यांना बरं कर. चिकन गार व्हायलंय. लेग पीस दोनच आहेत, शमूला नक्को देऊ, त्याने चटणी सांडली. आमेन!"

"आमेन!" पाहुणे म्हणाले.

मी अजून विधवांकडे दुसऱ्यांदा वळत होतो. दारात शीला दोन्ही हात हलवून "थांब! थांब!" करत होती, पण मी देवाशी बोलत होतो आणि देव पंख्याच्या बाजूला होता. नजर खाली आली तेव्हा एक लेग पीस पाळकसाहेबांच्या हातात होता आणि दुसरा रिबूच्या.

शीलाने झालेला प्रकार पाहुण्यांसमोरच मला हातवारे करून सांगितला. माझे कान तापले. (एवढ्या कामाला ते अजून येतात.) माझी हौस त्या रश्श्यातच बुडाली, याबद्दल मला शंका उरली नाही.

पाळकसाहेबांनी हात पुसला आणि रिबूला काहीतरी विचारलं. रिबूने त्यांचं नाव करून दाखवलं. मग त्यांनी स्वतः तळहात एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत नेला, अगदी सावकाश, केस न विस्कटता. पाळकबाईंना हसून हसून ठसका लागला.

"उद्याच यांना प्रार्थना करू द्या," ते शीलाला म्हणाले. "मंडळीला डोळे उघडे ठेवायला मी सांगतो. पण आवाज तुमचा. हिचा नको!"

रविवारी सगळी मंडळी डोळे उघडे ठेवून माझ्या हातांकडे बघत होती. मी संपवलं आणि एकदम सगळ्यांची तोंडं उघडली. आमेन मला ऐकू आलं नाही, पण दिसलं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

त्या दिवसापासून मंडळी मला भेटली की सलामाऐवजी एक खूण करते. डावा तळहात पुढे धरायचा, त्यावर हलकेच फुंकर मारायची आणि उजवा हात झटकायचा. मी ही खूण कधी पाहिली नव्हती, पण अर्थ उघड होता: फुंकर म्हणजे पवित्र आत्मा, झटका म्हणजे सैताना, दूर हो. किती सुंदर! मीही तितक्याच भक्तिभावाने ती परत करत राहिलो. वृद्धांना केली, पाळकबाईंना केली, एकदा तर बाप्तिस्म्याला आणलेल्या बाळालाही केली. मग एक दिवस सहज रिबूला विचारलं.

"ती? ते तुमचं नाव आहे, पप्पा! मीच ठेवलं. सगळ्यांना शिकवलं."

माझं नाव तर शाळेपासून "गालावरची खळी" होतं! "याचा अर्थ काय?" मी विचारलं.

रिबूने तळहात पुढे धरला. हे ताट. त्यावर फुंकर मारली आणि हात झटकला: फुंकायची गरजच नाही.

"गार झालेलं जेवण!"