सुमनबाई आणि राखेतली बाजरी

आमच्या सुमनबाई शिस्तप्रिय नव्हत्या.

सकाळपासून कॉलेजच्या ग्रुपवर जो तो तेच लिहितोय. शिस्तप्रिय, मितभाषी, नियमाला पक्क्या. अरे, कोणाबद्दल बोलताय?

बाई काल गेल्या.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नगरच्या आमच्या कॉलेजात त्या बायॉलॉजी शिकवायच्या. आणि मितभाषी म्हणे! पार गेटपर्यंत ऐकू यायच्या.

तेव्हा प्रॅक्टिकल म्हणजे काय? सीनियरचं जर्नल आणायचं, आकृती उतरवायची, ऑब्झर्व्हेशनही उतरवायचं. वेळ उरलाच तर मायक्रोस्कोपला डोळा लावायचा.

मी शाळेतल्या कवितांवर वाढलेला. कांद्याच्या पेशी काढल्या त्या अशा, की जणू चांदण्यात उघड्या राहिलेल्या खिडक्या.

बाई म्हणाल्या, "कविता छान जमलीय. आता कांदा बघ."

मग एक दिवस त्यांनी जुनी जर्नलं कपाटात कोंडली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"यंदा प्रयोग तुमचे. प्रश्न घरून आणा. उत्तर मला आधीच माहीत असेल, तर तो प्रश्न चालणार नाही."



दुष्काळाचं वर्ष. लॅबच्या नळाला पाणी नाही, आम्ही होस्टेलवरून बाटल्या भरून न्यायचो. काष्टीचा बबन उभा राहिला.

"बाई, आईनं बाजरीचं बी राखंत घालून ठिवलंय. लई दिस झालं. पाऊस आला तर तेच पेरायचं हाय. उगवंल का ते?"

"मला काय माहीत? आण मूठभर."

त्या साली मूठभर बी मागणं म्हणजे काय, ते आज कसं सांगू! बबननं ते रुमालाच्या गाठीत आणलं. ताटलीत ओल्या टीपकागदावर दाणे मांडले. बाईंनी पुन्हा करायला लावलं, मग आणखी एकदा.

दर वेळी तेच. निम्मेसुद्धा उगवेनात.

परीक्षेला बाहेरगावचे एक्झामिनर आले. बबनच्या ताटलीकडे बघून हसले.

"निम्मं बी मेलेलं? प्रयोग फसलाय तुझा. पुस्तकात काय दिलंय ते लिही, मी मार्क देतो."

बबननं पेन खाली ठेवलं.

"लिही की रे. वर्ष जाईल."

"सर, पुस्तकातलं लिवलं तर मला मार्क मिळतील. पन माजी आई ह्येच बी पेरनार हाय."

बाई उठल्या. ताटली उचलून सरांच्या पुढ्यात ठेवली.

"मोजा सर. यातले निम्मे जरी उगवलेले निघाले, तर मीच याला नापास करते."

सरांनी मोजलं नाही. घड्याळ बघितलं.

बबनला नापास केलं. कॉलेजनं बाईंना सरांची माफी मागायला सांगितलं, बाईंनी मागितली नाही. पुढच्या वर्षी कपाट उघडलं, जुनी जर्नलं बाहेर आली. पुन्हा तेच कांदे, त्याच आकृत्या.

पण पाऊस आला तेव्हा बबनच्या आईनं त्याचा आकडा धरून बी दुपटीनं टाकलं.

आणि बाजरी उभी राहिली, मित्रांनो! मी जाऊन पाहिली. वाऱ्यावर डुलणारं ते शेत बघताना मला पाठ असलेली एकही कविता आठवली नाही. तशी वेळ आयुष्यात तेवढीच.

बबन पुन्हा परीक्षेला बसला आणि बेडूक कापून पास झाला. म्हणाला, "बेडकाचं बरं असतंय. त्याचं उत्तर ठरल्यालं."

काल त्याचाच फोन आला. "बाई गेल्या रं."

तर ते 'शिस्तप्रिय' खोडा. बाई हट्टी होत्या, भांडखोर होत्या. त्यांचा तो प्रश्नांचा वर्ग कॉलेजनं एका वर्षात बंद पाडला, पण तो चुकला असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

मीही म्हणणार नाही.

बाई, पाहिलं तेवढंच लिहिलंय.

नमस्कार करतो.