दोन बोटांची जागा

यांना निवृत्तीनंतर लाकडाचं घर हवं होतं. नागपुरात सदर भागातल्या ऑफिसात जन्म गेला, पण कधी काळी मनालीला पाहिलेलं ओंडक्यांचं घर काही डोक्यातून गेलं नाही. काटोलजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निलगिरी होती, ती यांनी घरासाठी पाडली. नागपूरच्या उन्हाळ्यात लाकडाच्या घरात राहायचं म्हणजे स्वतःच चुलीत जाऊन बसायचं, असं मी म्हणायचे. घर पुढे गार निघालं. तसं मी यांना कधी सांगितलं नाही.

खाप्याहून एक म्हातारा सुतार आणला. प्रत्येक ओंडक्याच्या टोकाला तो पटाशीने वाटीसारखी खाच कोरायचा, खालच्या ओंडक्याची गोल पाठ तीत बसेल अशी. मध्ये नख गेलं तरी ओंडका पुन्हा उतरवायचा आणि पुन्हा तासायचा. चारही कोपऱ्यांत एक खिळा नाही. फटींत ताग ठासला. चहा द्यायच्या निमित्ताने मी बघत उभी राहायचे.

वास्तूच्या दिवशी माझ्या नणंदेने पुढच्या दाराच्या चौकटीवर राहिलेली फट पाहिली आणि ही काय म्हणून विचारलं. सुतार भर पाहुण्यांत म्हणाला, "लाकूड ओलं आहे जी. दोन वर्षांत घर बसन. त्याले बसाले दोन बोटं जागा ठेवली."

आमच्याकडे घर बसतं ते कर्ता माणूस गेल्यावर. शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली, तसलंच हे. माझं डोकं फिरलं. असले शब्द माझ्या घरात नकोत, निघा, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. त्याने हत्यारांची पिशवी उचलली आणि न जेवता गेला.

"काहून बोलली वं तू?" हे म्हणाले. "तो लाकडाचं सांगून राहिला होता."

ते मलाही तेव्हाच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. दुसऱ्या दिवशी मी गवंड्याकडून फट सिमेंटने भरून घेतली.

दीड वर्षात पुढचं दार घासायला लागलं. भिंत खाली आली, तिचा भार चौकटीवर पडला आणि एक दिवस दार बंद झालं ते झालंच. आम्ही स्वयंपाकघरातून ये-जा करू लागलो. "त्याले फोन कर वं," हे म्हणायचे. "तू बोलली, तूच बोलाव." मी पुढच्या आठवड्यात म्हणायचे.

या हिवाळ्यात हे झोपेतच गेले. बाहेर तिरडी तयार झाली, तेव्हा चौघांनी पुढच्या दाराला खांदे लावून पाहिले. ते हललं नाही. कोणी कुऱ्हाड आणू म्हणालं, मी नको म्हटलं. शेवटी यांना स्वयंपाकघरातून, भांड्यांच्या मांडणीजवळून, तिरपं करून नेलं. स्वयंपाकघराच्या दारावरची तशीच फट मी भरली नव्हती, कारण ती पाहुण्यांना दिसत नव्हती. हौसेने घर बांधलेला माणूस मागच्या दाराने गेला, आणि तो माझ्यामुळे गेला.

मग मी फोन केला. तेरवीच्या सकाळी सुतार आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने हात जोडले आणि कामाला लागला. सिमेंट फोडून काढलं, चौकट तासली, दार उघडलं. त्याने भिंतीवरून हात फिरवला, कोपऱ्यातल्या खाचा पाहिल्या.

"बसलं जी घर, बाई," तो म्हणाला. "आता नाही हालत."

"हो," मी म्हणाले. "बसलं."

मग त्याला आत नेऊन पहिलं पान वाढलं.